मदत हवी आहे: केव्हीएमची एक चाचणी जुन्या संगणकावर नापास होते, दोष चाचणीचा की केव्हीएमचा?

नमस्कार.

मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. ऑपरेटिंग सिस्टिमची प्रात्यक्षिके आम्ही गेली तीन वर्षे केव्हीएमवर, म्हणजे एका संगणकात अनेक व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवण्याच्या लिनक्समधील सोयीवर, घेत आहोत. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन मिळते, त्यामुळे एखाद्याने कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) मॉड्यूल चुकीचे लिहिले तर बंद पडते ते त्याचेच मशीन. शेजारच्याचे काम चालू राहते. ज्या सॉफ्टवेअरवर आमची प्रयोगशाळा चालते त्याच्या कामाला आपलाही थोडा हातभार लागावा, असे बरेच दिवस मनात होते. यंदा गड्डा यात्रेच्या सुट्टीत तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना सोबत घेऊन मी ते काम सुरू केले, आणि ते एका प्रश्नापाशी येऊन अडले आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. केव्हीएम हा लिनक्स कर्नलचाच भाग आहे. कुमरानेट या इस्रायली कंपनीत काम करणाऱ्या अवि किव्हिटी यांनी त्याचे पहिले पॅच (कोडमधील बदल) २००६ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांसमोर ठेवले आणि २००७ च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.२० या आवृत्तीत ते कर्नलमध्ये दाखल झाले. प्रोसेसरमध्ये इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीचे एएमडी-व्ही (व्हर्च्युअल मशीनसाठीची हार्डवेअरमधील सोय) असेल, तर कर्नल "डेव्ह" फोल्डरमध्ये "केव्हीएम" नावाची एक फाइल उपलब्ध करून देतो, आणि क्यूएमूसारखा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम ती उघडून आयओसीटीएल या मार्गाने "मशीन तयार कर", "प्रोसेसर तयार कर", "चालव" अशा सूचना देतो. कर्नलच्या सोर्समध्येच "सेल्फटेस्ट्स" या फोल्डरात केव्हीएमच्या चाचण्या आहेत. प्रत्येक चाचणी म्हणजे सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम असतो. तो क्यूएमूची भूमिका स्वतःच घेतो, एक लहानसे मशीन उभे करतो, त्यात मोजक्या ओळी चालवतो आणि निकाल पडताळून पाहतो. वाचून समजतील एवढ्या त्या लहान असल्यामुळे आम्ही तिथूनच सुरुवात केली.

आमच्या प्रयोगशाळेत एकाच खरेदीतले, इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचे जुने संगणक आहेत. त्यांपैकी ७ क्रमांकाच्या संगणकावर एक चाचणी नापास होते. पडद्यावर "टेस्ट अ‍ॅसर्शन फेल्युअर" अशी ओळ येते आणि खाली अपेक्षित संख्या १, मिळालेली संख्या ० असे दिसते. ही चाचणी व्हर्च्युअल प्रोसेसरच्या एका एमएसआरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतील एका विशेष रजिस्टरमध्ये, ठरावीक मूल्य लिहू पाहते. एमएसआर लिहिण्याची सूचना दिली की त्यांपैकी किती खरोखर लिहिले गेले ती संख्या केव्हीएम परत देते. आमच्या बाबतीत एकही लिहिला गेला नव्हता. संबंधित वैशिष्ट्य या प्रोसेसरमध्ये नाहीच, असे दिसल्यावर मी चाचणीच्या सुरुवातीला "टेस्ट रिक्वायर"ची एक अट घातली, जेणेकरून वैशिष्ट्य नसलेल्या संगणकावर ती नापास न होता वगळली जाईल, आणि तेवढा पॅच केव्हीएमच्या मेलिंग लिस्टवर पाठवला.

चौथ्या दिवशी एका अनुभवी तपासनिसाचे उत्तर आले. त्यांच्या सूचना तीन होत्या. पॅच त्यांच्या सध्याच्या ब्रँचवर (कोडच्या चालू शाखेवर) लागत नाही. टॅबच्या जागी स्पेस आल्या आहेत. आणि चाचणी वगळावी असे मी म्हणतो आहे, पण ती नापास का होते याचे कारण कमिट संदेशात (बदलासोबतच्या टिपणात) कुठेही दिलेले नाही. तिसरा मुद्दा मला फार लागला, कारण तो पूर्णपणे बरोबर आहे. चाचणी केव्हीएममधली खरी चूक दाखवत असेल, तर माझ्या एका ओळीने ती चूक कायमची झाकली जाईल.

त्यातच विद्यार्थिनींनी आणखी एक गोष्ट दाखवली आणि मी अधिकच गोंधळलो. तोच प्रोसेसर, तोच कर्नल, तीच चाचणी ९ क्रमांकाच्या संगणकावर उत्तीर्ण होते! वैशिष्ट्य नसलेल्या प्रोसेसरवर हे कसे शक्य आहे?

याशिवाय तीन लहान अडचणी आहेत. महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून मेल पाठवण्याचे पोर्ट बंद असल्यामुळे मी तो पॅच ब्राउझरमधून चिकटवून पाठवला होता, आणि टॅब तिथेच बिघडले असावेत. दोष मुळात ज्या विद्यार्थिनीने शोधला तिचे नाव पॅचवर कसे लिहावे, हे मला नीट कळत नाही. शिवाय तिच्या गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम आहे, त्यांपैकी कोणते रूप वापरावे? शेवटची अडचण अशी की ज्यांवर चाचण्या चालवता येतील असे संगणक आमच्याकडे हेच जुने आहेत. एवढ्या भांडवलावर "चाचणी केली" असे लिहिणे योग्य ठरेल का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

नमस्कार सर. ९ क्रमांकाच्या संगणकाचे वागणे हाच इथला खरा धागा आहे, म्हणून आधी तो पाहू. केव्हीएम मॉड्यूलला "इग्नोर एमएसआर्स" नावाचे एक पॅरामीटर आहे. ते चालू असेल, तर अनोळखी एमएसआर लिहिण्याचा प्रयत्न केव्हीएम नाकारत नाही. तो दुर्लक्षित करते आणि लिहिणाऱ्याला मात्र काम झाल्याचे सांगते. काही ऑपरेटिंग सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू होताना अडखळतात, तेव्हा इंटरनेटवरचा सल्ला वाचून लोक हे पॅरामीटर चालू करतात आणि पुढे विसरून जातात. दोन्ही संगणकांवर "सिस" फोल्डरातील मॉड्यूलच्या पॅरामीटरची फाइल वाचून पाहा, आणि ९ क्रमांकावर कर्नलचा लॉगही तपासा. तिथे दुर्लक्षित केलेल्या लेखनाची नोंद सापडण्याची शक्यता आहे.

मूळ प्रश्नाबद्दल माझे मत असे की चाचणी नापास झाली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. केव्हीएमने आधी काय कबूल केले होते ते पाहावे लागते. वरच्या प्रोग्रामला केव्हीएम दोन याद्या देते. एक यादी व्हर्च्युअल प्रोसेसरला देता येतील अशा सीपीयूआयडी वैशिष्ट्यांची (प्रोसेसर आपल्यात काय आहे ते ज्या सूचनेने सांगतो ती सीपीयूआयडी), आणि दुसरी ते हाताळू शकते अशा एमएसआरच्या क्रमांकांची. दोन्ही याद्यांत ही गोष्ट नसेल आणि लिहायला गेल्यावर नकार मिळत असेल, तर केव्हीएम आपल्या शब्दाला जागले आहे, आणि न विचारताच लिहायला जाणे ही चाचणीची चूक आहे. उलट यादीत नाव असून नकार मिळत असेल, तर चूक केव्हीएमची आहे, आणि त्या स्थितीत चाचणीला हात लावू नये. आपल्या अटीत कोणते फंक्शन वापरले आहे तेही तपासावे. "केव्हीएम सीपीयू हॅज" हे केव्हीएम काय देऊ शकते ते सांगते आणि "धिस सीपीयू हॅज" हे ज्या प्रोसेसरवर कोड चालू आहे त्यात काय आहे ते सांगते. मॉड्यूलच्या एखाद्या पॅरामीटरने वैशिष्ट्य बंद केले असेल, तर या दोघांची उत्तरे वेगळी येऊ शकतात.

धागाकर्ता

आपले मनःपूर्वक आभार. आपला अंदाज तंतोतंत खरा ठरला. ९ क्रमांकाच्या संगणकावर मॉड्यूलच्या सेटिंगची एक फाइल सापडली. मागच्या वर्षी एका प्रात्यक्षिकासाठी ती आम्हीच ठेवली होती. ती काढून मॉड्यूल पुन्हा लोड केल्यावर तिथेही चाचणी ७ क्रमांकासारखीच नापास झाली. लॉगमध्ये दुर्लक्षित लेखनाच्या नोंदी होत्या, मी त्या कधी उघडून पाहिल्या नव्हत्या.

याद्या तपासण्यासाठी दोष शोधणाऱ्या विद्यार्थिनीनेच जेमतेम पस्तीस ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. तिच्या घरी खालच्या मजल्यावर यंत्रमाग आहेत आणि ते सुरू झाले की व्होल्टेज घसरते, म्हणून कर्नल कंपाइल करण्याचे काम ती माग थांबल्यावर रात्री लावते आणि सकाळी निकाल कळवते. एमएसआरच्या यादीत तो क्रमांक नाही, आणि सीपीयूआयडीच्या यादीत ते वैशिष्ट्यही नाही. म्हणजे केव्हीएमचे वागणे सुसंगत आहे आणि चूक चाचणीच्या गृहीतकात आहे. दुरुस्ती तीच राहिली, पण आता ती का करायची हे आम्हाला सांगता येते. माझ्या पहिल्या पॅचमध्ये मी "धिस सीपीयू हॅज" वापरले होते. ते बदलून "केव्हीएम सीपीयू हॅज" केले आहे.

राहिलेल्या तीन अडचणींबद्दल कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद २

सर, मेलची अडचण सर्वांत सोपी आहे. पॅच ब्राउझरमधून कधीही चिकटवू नये; कोड सांभाळणाऱ्या गिट या साधनाचे "गिट सेंड-ईमेल" वापरावे. पोर्ट बंद असेल तर "बी४" हे साधन पाहावे, कारण त्यात कर्नल डॉट ऑर्गच्या वेबमार्गाने पॅच पाठवण्याची सोय आहे. त्यासाठी एकदा आपली डिजिटल सहीची किल्ली तयार करून ईमेल पत्ता पडताळून घ्यावा लागतो, पुढे साधे वेबचे पोर्ट उघडे असले तरी काम भागते. पॅच कशावर बेतायचा हे कर्नलच्या दस्तऐवजांतील केव्हीएम एक्स८६ च्या स्वतंत्र पानावर लिहिलेले आहे. एक्स८६ चे बहुतेक काम शॉन क्रिस्टोफरसन यांच्या केव्हीएम-एक्स८६ ट्रीमध्ये (कोडच्या संग्रहात) गोळा होते आणि तिथून केव्हीएमचे देखभालकर्ते पाओलो बोन्झिनी यांच्याकडे जाते, म्हणून त्या ट्रीच्या "नेक्स्ट" ब्रँचवर पॅच तयार करावा आणि "फॉरमॅट-पॅच"ला "बेस"चा पर्याय द्यावा. तपासणाऱ्याला आपला पाया कोणता कमिट होता ते त्यातून कळते. आपण बहुधा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीच्या संकुचित फाइलीवर काम केले असावे. नवख्यांचे पॅच न लागण्याचे ते नेहमीचे कारण आहे.

नावाचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. "साइन्ड-ऑफ-बाय" ही श्रेय देणारी ओळ नव्हे. हे काम आपले आहे, किंवा या परवान्याखाली ते देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे ते लेखी प्रतिज्ञापन असते. म्हणून विद्यार्थिनीच्या वतीने ती ओळ आपण लिहू नये. तिने नियम वाचून स्वतः संमती द्यावी. तिने दोष फक्त शोधला असेल तर "रिपोर्टेड-बाय" पुरेसे आहे. कोडही दोघांनी मिळून लिहिला असेल, तर "को-डेव्हलप्ड-बाय" ही ओळ घालून तिच्या लगेच खाली तिची "साइन्ड-ऑफ-बाय" यावी, आणि सर्वांत शेवटी पाठवणाऱ्याची, म्हणजे आपली. परंतु आपण जे सांगितले त्यावरून शोध तिचा, यादीचा प्रोग्राम तिचा आणि आपला भाग एका ओळीचा दिसतो. मग ती स्वतःच या पॅचची लेखिका का नसावी? गुणपत्रिकेतील क्रम पाळण्याची सक्ती नाही. पूर्वी नियमात "खरे नाव" असे शब्द होते. २०२३ मध्ये ते बदलून ज्या ओळखीने व्यक्ती परिचित आहे ती ओळख चालेल, निनावी योगदान मात्र चालणार नाही, असे करण्यात आले. तिला पुढे ज्या नावाने ओळखले जायचे आहे ते तिने एकदा ठरवावे आणि गिटच्या सेटिंगमध्ये व सहीत एकसारखे ठेवावे.

जुन्या संगणकांबद्दल संकोच नको. या दुरुस्तीसाठी वैशिष्ट्य नसलेला संगणकच हवा होता, आणि तो आपल्याकडे आहे. दुसऱ्या बाजूसाठी वैशिष्ट्य असलेला एक नवा संगणक मिळवा. त्यावर क्यूएमूला होस्टचाच (मूळ संगणकाचाच) प्रोसेसर देऊन, पुढे उणे चिन्हासह त्या वैशिष्ट्याचे नाव लिहिले, की आतल्या मशीनला ते दिसणार नाही. नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आत व्हर्च्युअल मशीन चालवणे, इंटेलवर ४.२० या आवृत्तीपासून आपोआप चालू असते, त्यामुळे त्या मशीनच्या आत केव्हीएमची चाचणी चालवून "नाही" आणि "आहे" या दोन्ही स्थिती एकाच ठिकाणी पाहता येतील. नसलेले वैशिष्ट्य आणता येत नाही, असलेले लपवता येते. आणखी एक लाभ असा की चाचणीने कर्नल कोसळलाच तर तो आतला कोसळेल. कमिट संदेशात कोणत्या प्रोसेसरवर काय पाहिले तेवढेच लिहावे. जे पाहिले नाही ते लिहू नये.

धागाकर्ता

आपण उभयतांनी दिलेला वेळ आम्ही विसरणार नाही. पॅचची लेखिका कोण, या प्रश्नावर आपले म्हणणे वाचून मी ओशाळलो, कारण ही गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. आता लेखिका ती आहे. नियम तिने घरी नेऊन वाचला, दोन शंका विचारल्या आणि मगच सही केली. नाव तिने स्वतःचे आणि आडनाव, एवढेच ठेवले आहे.

नवा संगणक दुसऱ्या विद्यार्थिनीच्या भावाचा लॅपटॉप निघाला. एका रविवारी तो तिने मागून आणला. वैशिष्ट्य दिसत असताना चाचणी पूर्ण चालून उत्तीर्ण झाली, आणि लपवल्यावर अट पूर्ण होत नसल्याचे सांगून वगळली गेली. ७ आणि ९ या दोन्ही क्रमांकांवर आता तसेच होते. "इग्नोर एमएसआर्स" चालू असताना चाचणी खोटेपणाने उत्तीर्ण होत होती, हेही लेखिकेने कमिट संदेशात एका वाक्यात नोंदवले आहे. बी४ वापरून आम्ही आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून पाहिले. टॅब शाबूत होते.

पॅचची दुसरी आवृत्ती काल संध्याकाळी तिच्या नावाने गेली. पहिल्या आवृत्तीचा दुवा आणि काय बदलले ते तीन आडव्या रेघांच्या खाली दिले आहे, म्हणजे तो मजकूर कर्नलच्या इतिहासात जाणार नाही. उत्तर आले नाही तर किमान आठवडाभर आठवण करून द्यायची नाही, असे दस्तऐवजात वाचले आहे आणि आम्ही तसेच करणार आहोत. तोपर्यंत त्या फोल्डरातील आणखी कोणत्या चाचण्या अशाच न विचारता एमएसआर लिहितात, हे दोघी शोधत आहेत. काही सापडले तर याच धाग्यात कळवतो.