पासपोर्ट काढायचाय? लहान गावातल्या मंडळींचे अनुभव

पूर्वी पासपोर्ट म्हटलं की मुंबई, पुणे नाहीतर नागपूर गाठायचं. रात्रीची एसटी, सकाळची रांग आणि एखादा कागद कमी पडला की हात हलवत परत. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रं सुरू झाली आणि ही दगदग बरीच कमी झाली. पण आमच्या आळीत हल्ली दोन-तीन घरांत पासपोर्टचं काम निघालं, तेव्हा दिसलं की ऑफिस जवळ आलंय, कागद मात्र होते तसेच आहेत. आईच्या आधारवर नावाला 'बाई' जोडलेलं, पॅनवर नाही, बँकेत नुसती आद्याक्षरं. आधी आधार दुरुस्त करून घेतलं, मगच फॉर्म भरला. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये दहा टक्के सवलत असते, म्हणजे १५०० ऐवजी १३५० रुपये. नूतनीकरणाला ती नाही.

तुम्ही काढला असेल तर सविस्तर लिहा. एजंटांचे नंबर कृपया देऊ नका.

मराठवाड्यातून

आमच्या वडिलांचा जन्म १ जूनचा. काकांचाही १ जून, शेजारच्या आप्पांचाही. ज्यांना शाळेत मास्तरांनी घातलं त्यांना हे सांगायला नको! पण वडिलांच्या आधारवर नुसतं साल होतं आणि शाळेच्या दाखल्यावर पूर्ण तारीख. शाळेतून दाखल्याची नवी प्रत काढली, ती दाखवून आधारवर तारीख घालून घेतली. शाळा जुनी, रजिस्टर कपाटाच्या तळाशी. शिपाईमामांनी धूळ झटकून काढून दिलं म्हणून निभावलं.

खरी गंमत केंद्रात. वडील नेहमीच्या वेशात, पांढरा सदरा, पांढरी टोपी. फोटोची पार्श्वभूमीही पांढरी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बाबा, टोपी काढा आणि वरून काहीतरी गडद घाला." बाहेर बसलेल्या एका पोराने आपलं निळं जाकीट काढून दिलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडून वडील फोटोला बसले, गंभीर चेहरा करून. मग बोटांचे ठसे. आयुष्यभर नांगर आणि खुरपं धरलेली बोटं, रेषा झिजलेल्या. मशीन ठसा घेईचना. मुलीने ओला रुमाल दिला, बोटं पुसली, एकेक बोट स्वतः धरून दाबलं. अंगठा शेवटपर्यंत त्रास देत होता, पण झालं. कुणी वैतागलं नाही, हे मुद्दाम लिहितो.

जिल्हा परिषद शिक्षक

सरकारी नोकरांसाठी. कार्यालयात सगळे म्हणतात 'एनओसी आणा', आणि ती फाइल टेबलाटेबलांवर फिरत बसते. एनओसीच हवी असं नाही. आपण पासपोर्टला अर्ज करतोय असं पूर्वसूचना पत्र (अॅनेक्शर एच) कार्यालयाला द्यायचं आणि त्याची प्रत अर्जासोबत जोडायची. माझं काम त्यावरच झालं. पोच घ्यायला विसरू नका, आवक क्रमांकाचा शिक्का हवाच.

सासर सातारा, माहेर सोलापूर

लग्नात आमच्याकडे मुलीचं पहिलं नावही बदलतात. तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव सासरच्या रेशनकार्डावर गेलं, पदवीवर माहेरचं राहिलं, आधारवर भलतंच मिश्रण. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लग्नानंतर बदलावंच लागतं." तसं काही नाही. माहेरचं नाव पासपोर्टवर ठेवता येतं, तशी सक्ती कुठेच नाही. मी ते ठेवलं, कारण दहावीपासूनचे सगळे कागद त्याच नावाचे होते. आधारच मागे वळवलं. ज्यांना पहिल्या नावासकट बदल हवा आहे त्यांनी राजपत्राची प्रक्रिया आधी उरका. ते न करता अपॉइंटमेंट घेण्यात अर्थ नाही.

घरात थोडी कुरबुर झाली. होऊ दे.

रत्नागिरीकडून, आखातात नोकरी

आमच्याकडे घरटी एक पासपोर्ट असतो, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. काहीजण संपूर्ण नाव एकाच रकान्यात कोंबतात. नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या पोरांची कशी धावपळ झाली ते पाहिलंय. आडनाव वेगळ्या रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्यात.

दुसरं, दहावी पास असाल तर ते सर्टिफिकेट जोडाच. नाहीतर पासपोर्ट ईसीआर (म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा) होतो आणि सौदी, कतार, कुवेत, ओमानसारख्या देशांत नोकरीला जाताना आधी परवानगीची कटकट. फिरायला जाणाऱ्याला अडचण नाही, पोटापाण्याला जाणाऱ्यालाच ती येते.

पुण्यात शिकणारी, गाव विदर्भात

मी अर्ज पुण्यात केला आणि पत्ता गावचा दिला. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, पण पोलीस पडताळणी फॉर्ममधल्या पत्त्यावरच होते. पोलीस घरी आले तेव्हा मी हॉस्टेलवर. आजी एकटी. तिने सरळ सांगितलं, "ती इथं राहत नाही, पुण्याला असते." बिचारी खरं तेच बोलली! रिपोर्ट तसाच गेला आणि फाइल लटकली. मग खुलासा, पुन्हा पडताळणी. ज्या पत्त्यावर तुम्ही खरोखर राहता तोच द्या, आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

याच विषयावर, नाव देत नाही

पडताळणीला आलेल्या एकाने "चहापाण्याचं बघा" म्हटलं. मी चहा केला. पोहेही केले. ते खाऊन तो गेला आणि रिपोर्टही वेळेत गेला. पडताळणीसाठी वेगळे पैसे नसतात, फीमध्ये सगळं आलं. शेजाऱ्यांपैकी दोघे साक्षीला तयार ठेवा, एवढंच.

नांदेडहून

इथे बऱ्याच जणांनी पासपोर्ट काढला तो करतारपूर साहिब या पाकिस्तानातल्या गुरुद्वारासाठी. २०१९ ला मार्गिका सुरू झाली. मे २०२५ मध्ये ती बंद झाली, तोवर व्हिसा लागत नव्हता, पासपोर्ट लागायचा. परदेशाचा विचारही न केलेली वयस्कर मंडळी या निमित्ताने केंद्रात दिसायची.

तान्ह्या बाळाची आई

चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच न्यायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटर. आमच्या फोटोवाल्याने कौतुकाने मागे निळा पडदा लावला होता. आई-वडील दोघांच्या संमतीचं अॅनेक्शर डी आणि दोघांचे पासपोर्ट असले की काम सोपं. जन्मदाखला ग्रामपंचायतीकडून घेताना बाळाचं नाव घातलंय का बघा. आमच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच होती. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

नूतनीकरण, नागपूर विभाग

मुदत संपायची वाट बघू नका, वर्षभर आधी अर्ज करता येतो. पुष्कळ देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात. जुन्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून तो परत देतात. त्यात अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर घाबरू नका, प्रवासात दोन्ही पुस्तिका जवळ ठेवायच्या. माझा नवा पासपोर्ट चिपवाला आला, कव्हरवर खाली छोटं सोनेरी चिन्ह. एप्रिल २०२४ ला ई-पासपोर्टची चाचणी सुरू झाली ती नागपूर आणि भुवनेश्वरपासून, त्यामुळे आम्ही जरा ताठ्यात. (नाशिककरांनी बोलू नये. पुस्तिका त्यांच्याकडे छापतात, माहीत आहे.)

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोघा-तिघांनी फी आणि अपॉइंटमेंटच्या तारखेबद्दल विचारलंय म्हणून: फी आधी ऑनलाइन भरावी लागते, तेव्हाच तारीख मिळते. तारीख जमली नाही तर वर्षभरात तीनदा बदलता येते. आणि साइट सरकारीच बघा. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, ते तपासा. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर जास्तीची फी घेतात आणि तारीखही मिळत नाही. सायबर कॅफेत फॉर्म भरून घेणाऱ्यांनी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको, कारण पुढचे सगळे मेसेज त्यावर येतात. आमच्या आईचा पासपोर्ट स्पीड पोस्टाने निघालाय. पोस्टमनकाकांना सांगून ठेवलंय की ती दुपारी देवळात असते.