‘धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे’ ही व्याख्या कोणाच्या सोयीची?

वैखरी
‘आत्मशोधक’ यांच्या कालच्या लेखाला तिथेच प्रतिसाद द्यायला बसले होते, पण मजकूर वाढत गेला म्हणून वेगळा धागा काढते आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: धर्म म्हणजे देवळे, पुरोहित, सोवळे-ओवळे आणि कळप; अध्यात्म म्हणजे कुणाच्याही मध्यस्थीविना आलेला स्वतःचा अनुभव. पहिले टाकावे, दुसरे जपावे आणि विद्वानांच्या व्याख्यांच्या फंदात पडू नये, कारण त्यांचे आपसातच एकमत नाही. शेवटी आधार म्हणून त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचे नाव घेतले आहे.

मला राग आला तो या शेवटच्या गोष्टीचा. व्याख्या नकोत असे म्हणायचे आणि एकाच विद्वानाची व्याख्या वस्तुस्थिती म्हणून पुढे करायची, हे योग्य नाही. जेम्सने १९०१-०२ मध्ये एडिंबरा येथे दिलेल्या व्याख्यानांत, एकांतातल्या व्यक्तीच्या, ती ज्याला दैवी मानते त्याच्याशी नाते सांगणाऱ्या भावना, कृती आणि अनुभव म्हणजे धर्म, असे म्हटले हे खरे. पण ही व्याख्या आपण मनाने ठरवून घेत आहोत, हेही त्याने त्याच वाक्यात सांगितले आहे. त्याला मानसशास्त्र मांडायचे होते, म्हणून त्याने संस्था बाजूला ठेवली. पुढे १९१२ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केमने नेमके दुसरे टोक धरले. पवित्र म्हणून वेगळ्या राखलेल्या गोष्टींविषयीच्या श्रद्धा आणि आचार, जे मानणाऱ्या सर्वांना एका नैतिक समुदायात बांधतात, तो धर्म. या व्याख्येत देव नाही. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ टायलरने १८७१ मध्ये ‘आत्मिक सत्तांवरील विश्वास’ ही धर्माची किमान खूण सांगितली होती. ती बौद्ध परंपरेपाशी अडते, हे द्युर्केमने दाखवून दिले.

एकमत नाही म्हणून व्याख्याच फुकट, हा निष्कर्षही घाईचा आहे. जेम्स ल्यूबा या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये धर्माच्या पन्नासच्या वर व्याख्या गोळा केल्या होत्या. त्यावर जोनाथन झेड. स्मिथ या अभ्यासकाने फार नेमके म्हटले आहे: यावरून धर्माची व्याख्या करता येत नाही असे ठरत नाही, ती पन्नासाहून अधिक प्रकारे, कमीअधिक यशाने करता येते एवढेच ठरते. म्हणून प्रत्येक व्याख्येला एक प्रश्न विचारला पाहिजे: तू कोणत्या कामासाठी केली गेलीस? ‘मी धार्मिक नाही, आध्यात्मिक आहे’ ही व्याख्या ध्यान, मंत्र, मौन हे सगळे घेते आणि ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले त्यांच्याशी असलेला देण्याघेण्याचा संबंध तोडते. तिचे काम हेच आहे, असे माझे मत आहे.

आत्मशोधक
वैखरीताई, तुम्ही अर्धाच जेम्स सांगितला. वैयक्तिक धर्म हा संस्थात्मक धर्मापेक्षा मुळाशी असतो, संस्था उभ्या राहतात त्या कुणा एकाला आलेल्या थेट अनुभवाच्या बळावर, असेही तोच म्हणतो. माझा मुद्दा एवढाच होता.

आणि आता पुस्तके बाजूला ठेवून सांगतो. वडील गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंड मांडलेले असताना गुरुजींनी दक्षिणेची बोली लावली. आई शेजारी उभी राहून ऐकत होती. कावळा शिवेना, तेव्हा आणखी एका दानाची सूचना आली. त्यानंतर मी कुठलेही कर्म केले नाही. काही महिन्यांनी एका ध्यानशिबिरात, मौनात, वडिलांचे जाणे मला पहिल्यांदा सोसता आले. घाटावरच्या त्या व्यवहाराला आणि त्या मौनाला एकच नाव द्या असे कुणी सांगत असेल, तर मी ते मानणार नाही, मग सांगणारा द्युर्केम असो की आणखी कोणी. ‘देण्याघेण्याचा संबंध’ तोडल्याचा आरोप मला लागला आहे. घाटावर देणेघेणेच चालले होते.

वाखरी
आत्मशोधक यांच्या आईंना जे ऐकावे लागले ते वाईटच होते. पण त्यावरून धर्म म्हणजे तेवढेच असे ठरवू नये.

आमच्या घरी वारी आहे. माझी आजी पहाटे चुलीपाशी एकटीच हरिपाठ म्हणायची. तेव्हा तिच्याशी कुणी बोललेले तिला चालत नसे. आषाढात तेच अभंग ती दिंडीत म्हणायची. पुढे विणेकरी, टाळकऱ्यांच्या रांगा, दिंडीचा क्रमांक ठरलेला, चोपदाराने दंड उंचावला की हजारो माणसे एका क्षणात गप्प. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे एकादशी आणि मांसाहार वर्ज्य, हे नियम आले. आणि मुक्कामावर एकमेकांच्या पाया पडणे, त्यात वय पाहायचे नाही. आता सांगा, चुलीपाशी ती आध्यात्मिक होती आणि दिंडीत धार्मिक झाली का? तिला विचारले असते तर तिला प्रश्नच कळला नसता. एकांतातला अभंग तिला दिंडीनेच दिला होता. जेम्सची व्याख्या तिचे अर्धे आयुष्य सांगते आणि द्युर्केमची उरलेले अर्धे.

दीक्षार्थी
वाखरीकाका, तुमच्या आजींविषयी आदर आहे. पण वारीतली ही समता मंदिराच्या दारापर्यंतच होती, हे कुणी लिहिणार की नाही? चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. ‘नैतिक समुदाय’ हा शब्द ऐकायला छान आहे. त्या समुदायाच्या कडेला कोण उभे केले होते, ते द्युर्केमची व्याख्या विचारत नाही. पवित्र म्हणून जे वेगळे राखले जाते, त्याच्यापासून दूर राखलेली माणसे आम्ही होतो.

बाबासाहेबांनी धम्म आणि रिलिजन यांत केलेला भेद या धाग्यावर अजून कुणाला आठवला नाही, याचे मला दुःख आहे. रिलिजन ही ज्याची त्याची खासगी बाब मानली जाते. धम्म मूलतः सामाजिक आहे. माणूस एकटा असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की धम्माशिवाय चालत नाही. इतर धर्मांत नीती बाहेरून जोडलेली असते, धम्मात नीती हाच गाभा. म्हणजे आत्मशोधक ज्याला श्रेष्ठ म्हणत आहेत तो एकांत बाबासाहेबांच्या व्याख्येत पुरेसा नाही, आणि वाखरीकाकांची नुसती एकत्र चालणारी गर्दीही नाही.

व्याख्येचा परिणाम आमच्या घरात काय झाला, तेही लिहिते. १९५६ मध्ये आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. नवबौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले १९९० मध्ये. मधल्या काळात वडिलांनी केंद्रातल्या एका नोकरीचा अर्ज भरला. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले म्हणून सवलत नाकारली गेली. खिडकीवरच्या माणसाने सुचवले की ‘हिंदू’ लिहा, काम होईल. वडिलांनी कागद परत घेतला. ‘मी धार्मिक नाही’ असे सहज म्हणणाऱ्यांना त्या रकान्यासाठी कधी काही मोजावे लागलेले नाही.

वाखरी
‘नुसती गर्दी’ या शब्दांना माझा तीव्र आक्षेप आहे. मंदिराचे दार बडव्यांच्या हातात होते, वारकऱ्यांच्या नव्हे. चोखोबांचे अभंग याच गर्दीने सातशे वर्षे मुखात ठेवले.

दीक्षार्थी
अभंग मुखात ठेवले आणि अभंगकार दाराबाहेर ठेवला. बडव्यांवर सगळे ढकलून वारकरी मोकळे होत नाहीत.

नाशिकचा वकील
दोघांनीही क्षणभर थांबावे. रकान्याचा विषय निघालाच आहे, तर या वादाचा निकाल प्रत्यक्षात जिथे लागतो ते न्यायालय इथे आणणे भाग आहे.

उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निर्मात्याशी असलेल्या नात्याविषयीची मते म्हणजे धर्म, ही अमेरिकी निकालातली व्याख्या नाकारली, कारण बौद्ध आणि जैन हे देव न मानणारे धर्म आपल्याकडे आहेत. इथपर्यंत न्यायालय द्युर्केमच्या बरोबर आहे. पुढे स्वामिनारायण सत्संगींनी आपण हिंदू नाही, म्हणून मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्या मंदिरांना लागू नाही, असा दावा केला. १९४८ मध्ये अहमदाबादेत सुरू झालेला हा दावा १९६६ मध्ये न्या. गजेंद्रगडकरांनी फेटाळला. वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याचा नियम नसणे, ही लोकमान्य टिळकांची हिंदू धर्माची व्याख्या त्या निकालात उद्धृत आहे. दीक्षार्थीताई, इथे दलितांना आत घेणारी व्याख्या न्यायालयाची होती आणि बाहेर ठेवणारी संप्रदायाची.

आत्मशोधक यांच्या प्रश्नाला थेट भिडणारा खटला मात्र ऑरोविल या, पुदुच्चेरीजवळच्या श्रीअरविंदांच्या विचारांवर उभ्या वसाहतीचा. आर्थिक गैरव्यवस्थेच्या तक्रारींनंतर केंद्राने १९८० मध्ये कायदा करून ऑरोविलचे व्यवस्थापन हाती घेतले. श्रीअरविंद सोसायटीने दावा केला की आम्ही धार्मिक संप्रदाय आहोत, सरकारला हस्तक्षेप करता येणार नाही. १९८२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की श्रीअरविंदांची शिकवण हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नव्हे. नवा धर्म स्थापायचा नाही असे ते स्वतःच म्हणत होते आणि सोसायटीच्या नियमावलीतूनही ती धार्मिक संस्था असल्याचे दिसत नव्हते. न्या. चिनप्पा रेड्डी यांनी या मुद्द्यावर वेगळे मत दिले: धर्माची कल्पना इतकी अरुंद ठेवू नये. कायदा मात्र त्यांनीही वैध ठरवला.

आता याच्या आधीचे अमेरिकेतले उदाहरण पाहा. न्यू जर्सीच्या पाच सरकारी शाळांत महर्षी महेश योगींचे भावातीत ध्यान शिकवले जात होते. शिकवणाऱ्यांचे म्हणणे, हे विज्ञान आहे, धर्म नाही. पण मंत्र मिळण्याआधी विद्यार्थ्याने फळे, फुले आणि पांढरा रुमाल आणायचा आणि गुरुदेवांच्या तसबिरीसमोर शिक्षकाने संस्कृतात पूजा म्हणायची, असा विधी होता. १९७९ मध्ये अपील न्यायालयानेही त्याला धर्म ठरवले आणि त्या वर्गांवरची बंदी कायम केली. एकीकडे संस्था स्वतःला धर्म म्हणवते आणि न्यायालय ‘नाही’ म्हणते. दुसरीकडे ‘धर्म नाही’ म्हणवते आणि न्यायालय ‘आहे’ म्हणते.

वैखरी
वकीलसाहेब, मानववंशशास्त्रज्ञ तलाल असदने १९९३ च्या पुस्तकात मांडलेला मुद्दा तुमच्या उदाहरणांनी पक्का होतो: धर्माची सार्वत्रिक व्याख्या होऊ शकत नाही, कारण व्याख्या करणे हीच इतिहासात, सत्तेच्या चौकटीत घडणारी गोष्ट आहे. सोसायटीला करांच्या आणि नोंदणीच्या वेळी धर्म नको होता. व्यवस्थापन जाऊ लागले तेव्हा हवा झाला. ‘आध्यात्मिक’ हा शब्द असा दोन्हीकडे वापरता येतो, म्हणूनच तो मला निरागस वाटत नाही.

दीक्षार्थी
वकीलसाहेबांचे १९६६ चे उदाहरण मान्य करते, पण पूर्ण समाधानाने नाही. दार उघडले, पण ते हिंदू धर्माच्या व्याख्येत सगळ्यांना ओढून घेऊन. आम्हाला बाहेर पडण्याचा हक्क हवा होता. आत घेणारी व्याख्याही लादलेली असू शकते.

आत्मशोधक
न्यायालये, सोसायट्या आणि कर यांच्याविषयी तुम्ही सगळे बरोबर असाल. ज्या केंद्रात मी शिबिर केले तिथेही प्रवेशअर्ज होता, नियमांचा कागद होता आणि आचार्यांची तसबीर होती; त्या केंद्राला धर्मसंस्था म्हणायचे असेल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. दीक्षार्थीताईंच्या वडिलांनी जो कागद परत घेतला त्याच्यापुढे माझी तक्रार लहान आहे, हेही मानतो. पण व्याख्या कोणत्या कामासाठी केली गेली असे तुम्ही विचारता, तेव्हा माझ्याही व्याख्येचे काम लिहून ठेवा: मला बाप गेल्याचे दुःख सोसायचे होते, आणि त्या वेळी समुदाय म्हणून माझ्यासमोर घाटावरचे ते गुरुजी होते.

वाखरी
तुम्ही आमच्या दिंडीत आला असता, तर कुणी दक्षिणा मागितली नसती.

दीक्षार्थी
काका, त्यांचे आडनाव विचारून मग बोला.

नाशिकचा वकील
ताई, हे लागणारे वाक्य आहे आणि काकांना वैयक्तिकरीत्या लावणे अन्यायाचे आहे. चिनप्पा रेड्डींचे निकालपत्र मूळातून वाचावे अशी सर्वांना विनंती. धर्म कशाला म्हणावे याचा त्यांनी केलेला शोध या धाग्यावरच्या चौघांच्याही उपयोगी पडेल, आणि त्यावर वाद घालायला मी इथे आहेच.