मदत हवी आहे: जिप्सी किंगचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलाय. ओरिजिनल शोधू की हेडर्स बनवून घेऊ?

करूळघाट:

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची जिप्सी किंग, १३०० सीसी, १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय. मुक्काम कोल्हापूर. गाडी शहरात कमी आणि गगनबावडा, करूळ, भुईबावडा याच पट्ट्यात जास्त फिरते. पावसाळ्यात ओढेही पार करावे लागतात.

सकाळी पहिल्या स्टार्टला टकटक आवाज यायला लागला. इंजिन तापलं की आवाज निम्म्यावर. मेकॅनिक म्हणाला टॅपेट. टॅपेट सेट करून झाले, आवाज तसाच. शेवटी हीटशील्ड काढली तर मॅनिफोल्डच्या (चारही सिलिंडरचा धूर एकत्र गोळा करणारा भाग) बीडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या मध्ये केसाएवढा तडा आणि भोवती काजळीचा काळा पट्टा. शिवाय मॅनिफोल्ड आवळणारा अगदी मागचा स्टड (आट्यांचा दांडा) इंजिनाच्या हेडमध्येच तुटून बसलाय. अ‍ॅव्हरेजही पडलंय.

आता पर्याय असे. नवीन ओरिजिनलबद्दल स्पेअरवाला "मागवून बघू" एवढंच म्हणतो, तारीख सांगत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला स्क्रॅपमधला मिळू शकतो. आणि एक फॅब्रिकेटर स्टेनलेसचे ४-१ हेडर्स, म्हणजे मॅनिफोल्डऐवजी चार सुट्या नळ्या एकदम एकात मिळवलेल्या, बनवून द्यायला तयार आहे. "बसवा आणि पिकअप बघा" म्हणतोय. त्याने दुसऱ्या गाडीला केलेला नमुना दाखवला, पाइप चांगलेच जाड आहेत.

मला शर्यत लावायची नाही. चार माणसं, सामान आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घाट, एवढंच काम. वडील सत्तरीचे आहेत, त्यांना गाडीत डोकं उठवणारा आवाज चालत नाही. बजेट पंधरा हजारांच्या आत. आरसी २०२१ ला रिन्यू झाली, म्हणजे २०२६ ला परत पासिंग. काय करावं?

वेगवेडा_ठाणे:

हेडर्स! प्रश्नच नाही. बीडाचं ते धूड काढून टाक, वजनही कमी होईल. ४-१ लावलंस तर ४००० आरपीएमच्या पुढे गाडी ओळखू येणार नाही. बॅक प्रेशर (धुराला पाइपात होणारा अडथळा) थोडं कमी होईल, पण सायलेन्सरने सांभाळता येतं.

चारबायचार_सांगली:

ठाणेकर, त्यांची गाडी ४००० च्या पुढे जाते कधी, हे आधी विचारा की! करूळ घाटात भरलेली जिप्सी २००० ते ३००० मध्ये चढते. या इंजिनाची ८० अश्वशक्ती येते ६००० ला आणि १०३ एनएम टॉर्क ४५०० ला. म्हणजे कंपनीतूनच इंजिन वरच्या अंगाचं आहे. त्यावर जाड पाइपाचं ४-१ लावलं तर खाली जो काही दम आहे तोही जाईल.

बॅक प्रेशरचं म्हणाल तर ते कोणत्याच इंजिनाला नको असतं. हवा असतो तो वायूचा वेग. पाइप बेताच्या मापाचा असला की गॅस वेगाने निघतो, मागे पोकळी सोडून जातो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर ओढायला मदत होते. पाइप जाड केला की कमी आरपीएमला हा वेग मरतो. लोकांना वाटतं बॅक प्रेशर गेलं म्हणून पिकअप गेला.

हेडर्स करायचेच असतील तर ४-२-१ करा, म्हणजे चार नळ्यांच्या आधी दोन जोड्या, मग एक पाइप. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे, म्हणून एक आणि चार एका जोडीत, दोन आणि तीन दुसऱ्या जोडीत. जोड्या चुकल्या तर ते नुसतं महागडं नळकाम. फॅब्रिकेटरला जोड्या कशा लावणार विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर चहा पिऊन घरी या.

आणि सगळ्यात आधी, मॅनिफोल्ड कशामुळे तडकला ते बघा. डाउनपाइपला (मॅनिफोल्डपासून खाली जाणाऱ्या पाइपाला) खाली आधार आहे का? सायलेन्सरचे रबर शाबूत आहेत का? इंजिन माउंटिंग बसलेत का? खालचा आधार गेला की सगळा पाइप मॅनिफोल्डला लटकतो आणि खड्ड्याखड्ड्याला त्याला हिसके बसतात. तापलेलं बीड ओढ्याच्या पाण्यात घातलंत तर तेही तडकायला पुरेसं आहे. कारण न काढता नवा बसवलात तर तोही जाईल, हेडर्स तर आणखी लवकर. पातळ पाइपाची वेल्ड फ्लँजपाशीच (हेडला टेकणाऱ्या सपाट पट्टीपाशी) सुटते.

बीडकाम:

करूळघाट, तुम्ही कोल्हापुरात बसून बीडाच्या कामाची चिंता करताय? उद्यमनगरात एक फेरी मारा.

मी फाउंड्रीत काम करतो. तडा केसाएवढा असेल आणि तुकडा निखळलेला नसेल तर वेल्डिंग होतं. पण करणारा बीडाचा जाणकार हवा, गेट-ग्रिल करणारा नव्हे. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग ग्राइंडरने व्ही काढायची, काळं जळलेलं बीड निघून स्वच्छ धातू दिसेपर्यंत. मॅनिफोल्ड जाड प्लेटवर बोल्ट करून मगच तापवायचा, नाहीतर फ्लँज वाकतो. निकेल रॉडने इंचभर वेल्ड, लगेच हातोडीने हलके ठोके, थांबायचं, परत इंचभर. घाई केली की वेल्डशेजारी नवीन तडा हजर. शेवटी चुन्यात किंवा राखेत पुरून ठेवायचा, रात्रभर. वेल्ड झाल्या झाल्या पाणी ओतणारा दिसला तर मॅनिफोल्ड उचला आणि निघा.

त्यानंतर फ्लँजचं फेसिंग, म्हणजे तो सपाट करणं. सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.१ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर मिलिंगवर हलका कट. हेडचा चेहराही त्याच पट्टीने तपासा.

कोणी म्हणेल फाउंड्रीत नवाच ओतून घ्या. एका नगासाठी पॅटर्न (साच्याचा नमुना) आणि चार नळ्यांच्या पोकळीचा कोअरबॉक्स करणं परवडत नाही. आणि जुनाच मॅनिफोल्ड पॅटर्न म्हणून वापरला तर बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. फूटभर लांबीत तीन मिमी गेले, टोकाची भोकं स्टडवर बसणारच नाहीत.

घाटमाथा:

माझ्या चुलत्यांच्या गाडीला वेल्ड केलेला मॅनिफोल्ड वर्षानुवर्षं चाललाय. फक्त ओढ्यात घालायच्या आधी गाडी जरा थंड होऊ देतात.

पर्थकर:

इकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात याच घराण्यातल्या जुन्या सुझुकी सिएरा अजून भरपूर पळतात आणि त्यांच्यासाठी तयार हेडर्स मिळतात. म्हणून एक सावधगिरीची सूचना. परदेशी साइटवर 'सामुराई' किंवा 'सिएरा १.३' नावाने जे दिसतं ते बहुतेक ८ व्हॉल्व्ह हेडचं असतं. तुमच्या १६ व्हॉल्व्ह जी१३बीबी इंजिनाला ते बसणार नाही. सुरुवातीच्या जिम्नीत, म्हणजे जेबी३३ मध्ये, जी१३बीबी होतं आणि इंजिनही जिप्सीसारखंच उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. शोधायचंच असेल तर ते शोधा, आणि पैसे भरायच्या आधी तुमच्या पॅकिंगचा (मॅनिफोल्ड आणि हेडमधल्या गॅस्केटचा) फोटो मापासकट विक्रेत्याला पाठवा. एस्टीममध्येही जी१३बीबी आहे, पण तिथे इंजिन आडवं असल्याने पाइपाचं तोंड भलतीकडे निघतं. स्क्रॅपवाला "सेम आहे" म्हणून गळ्यात मारेल.

कस्टम आणि शिपिंग धरलं तर पंधरा हजारांत हे होणार नाही, हेही खरं.

वेगवेडा_ठाणे:

ठीक, ४-१ मागे घेतो. पण स्टेनलेसचं ४-२-१ नीट केलं तर बीडापेक्षा वाईट का?

चारबायचार_सांगली:

वाईट नाही. पण नीट म्हणजे काय ते बघा. फ्लँज किमान ८-१० मिमी जाड, पाइपाची भिंत दीड मिमीच्या खाली नको, आणि वेल्ड झाल्यावर फ्लँज मशीनवर परत सपाट करायचा. ३०४ स्टेनलेस तापल्यावर साध्या लोखंडापेक्षा दीडपट पसरतं. टोकाची भोकं थोडी सैल ठेवली नाहीत तर स्टडच तुटतात. ऑक्सिजन सेन्सरचं बॉसही (तो ज्यात आवळतात ते तोंड) मूळ जागेच्या जवळच हवं. लांब नेलं तर सेन्सर उशिरा तापतो आणि तोवर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) अंदाजाने पेट्रोल ओततो. एवढं सगळं करणारा माणूस पंधरा हजारांत मिळाला तर नंबर मलाही द्या.

आणि आवाज. बीडाची भिंत जाड असते, ती आवाज पोटात ठेवते. पातळ नळ्या वाजतात. वडिलांना तो पत्र्याचा नाद आवडणार नाही.

कायदेशीर_ताई:

पासिंगचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणजे आरसीवरच्या नोंदींपेक्षा गाडी वेगळी करायची नाही. हेडर्स आरसीवर लिहिलेले नसतात हे खरं, पण आवाज आणि धूर मर्यादेबाहेर गेला तर कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर तीन महिने लायसन्स अपात्र. भारत स्टेज दोनच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम एवढीच मुभा आहे. हेडर्स लावताना 'कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पण काढून टाकू' असं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

आणि करूळघाट, पासिंगपेक्षा महत्त्वाचं. तडा गेलेल्या मॅनिफोल्डचा धूर बॉनेटखाली साठतो आणि फ्रेश एअरच्या व्हेंटमधून आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काम होईपर्यंत वडिलांना घेऊन घाटात जाऊ नका, आणि गाडी चालवायचीच असेल तर काचा उघड्या ठेवा.

करूळघाट:

सगळ्यांचे आभार, ताईंचे विशेष. गाडी आता दारात उभी आहे.

चारबायचार दादांनी सांगितलं तसं खाली शिरून बघितलं. डाउनपाइपच्या आधाराचा ब्रॅकेट गायब! नुसतं बोल्टचं भोक आहे. मागच्या सायलेन्सरचं एक रबर तुटून तिथे कोणीतरी बाइंडिंगची तार गुंडाळलीय. म्हणजे कारण सापडलं म्हणायचं.

बीडकाम, उद्यमनगरातल्या एका जुन्या कारागिराला मॅनिफोल्डचे फोटो दाखवले. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "आधी टोकाला भोक मारावं लागंल." तुमच्याच शाळेतला दिसतोय. वेल्डिंग आणि फेसिंग मिळून आकडा माझ्या बजेटच्या बराच आत आहे, त्यामुळे हेडर्सचा विषय माझ्यापुरता संपला. उरलेल्या पैशांत स्क्रॅपमधला एक शाबूत मॅनिफोल्ड मिळाला तर फळीवर ठेवीन.

दोन शंका. तुटलेला स्टड हेड न उतरवता निघेल का? आणि अ‍ॅव्हरेज पडण्याचा या तड्याशी संबंध असू शकतो का?

चारबायचार_सांगली:

दुसरीचं उत्तर हो. धुराचे झटके येतात, त्यांच्या मधल्या क्षणी तड्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ईसीयू वाढवतो. तडा बुजला की फरक दिसायला हवा. नाही दिसला तर सेन्सर तपासा.

स्टडचं बीडकाम सांगतील.

बीडकाम:

स्टड थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरा. त्या उष्णतेने गंज सुटतो. लालपणा गेल्यावर, पण गरम असतानाच, पुढे-मागे करत हळूहळू काढा. एका दमात फिरवू नका. स्टड आतच तुटला असेल तर बरोबर मध्यभागी पंच मारून ड्रिल करावं लागतं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे आणि स्टड पोलादी, ड्रिल जरा कललं की ते मऊ बाजूला घसरतं. तिथे जागा कमी असेल तर हेड उतरवून लेथवाल्याकडेच द्या. आटे गेले तर तो हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून देईल.

बसवताना पॅकिंग नवीन, स्टड सगळेच नवीन. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. डाउनपाइपचा ब्रॅकेट सगळ्यात शेवटी आवळा, पाइप आपोआप जिथे बसतोय तिथेच. ओढून भोकाला भोक जुळवलंत तर परत तोच ताण.

करूळघाट:

स्टड दोन मिमी बाहेर आहे, म्हणजे नटाचा प्रयोग होईल. शेवटचं विचारतो, नट पितळी घेऊ की स्टीलचे तांब्याचा मुलामा दिलेले? दुकानात दोन्ही दाखवले.

बीडकाम:

मुलाम्याचे घ्या, ताकदीला स्टीलचे आणि गंजून स्टडला चिकटतही नाहीत. पितळी असतील तरी अडत नाही, फक्त हात हलका ठेवा, आटे लवकर सोलतात. गाडी एकदा घाट चढून आली की पूर्ण थंड झाल्यावर नट परत तपासा.