टॅटू काढायला शिकायचंय, सुरुवात नेमकी कुठून करू?

पेन्सिलवेडी:
नमस्कार मंडळी. मी लहानपणापासून चित्रं काढते, हल्ली लाइनवर्क आणि डॉटवर्क जास्त करते आणि टॅटू आर्टिस्टच व्हायचं हे आता पक्कं ठरवलंय. ऑनलाइन मशीनचं किट मागवायचा विचार आहे, धाकटा भाऊ हात पुढे करून एका पायावर तयार आहे. मैत्रीण म्हणते आधी टेम्पररी टॅटू कर, काळ्या मेंदीचे कोन मिळतात, लगेच रंग चढतो, हातही बसेल आणि चार पैसेही सुटतील. तर किट घेऊन घरी शिकू, की कुणाच्या हाताखाली राहू? जाणकारांनी सांगा प्लीज.

रेघ_सरळ:
ताई, आधी भावाचा हात सोडा, खरंच सांगतोय. मी बरीच वर्षं या कामात आहे. चित्रकला चांगली असेल तर अर्धी लढाई जिंकलात, पण कागद हलत नाही, सुजत नाही, त्यातून रक्त येत नाही. शाई बसवायची असते ती कातडीच्या दुसऱ्या थरात, साधारण १ ते २ मिमी खोल. त्याच्या वर राहिली तर जखम भरताना निघून जाते आणि रेघ तुटक दिसते, जास्त खोल गेली तर कडेने निळसर पसरते, त्याला ब्लोआउट म्हणतात आणि तो काही पुसता येत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला कातडी पातळ, तिथे तर जराही चूक चालत नाही.
आणि सगळे उजव्या हाताबद्दल बोलतात, पण खरं काम डाव्या हाताचं. कातडी तबल्याच्या पुडीसारखी ताणून धरली नाही तर सुई उसळते आणि कितीही स्थिर हात असो, रेघ थरथरलेलीच येते. हाताचा आणि मशीनचा वेग जुळावा लागतो, मशीन जोरात आणि हात सावकाश असला की कातडी कुटली जाते. हे सगळं सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनवर शिका, ती बाटलीला गुंडाळा म्हणजे गोलाईचा अंदाज येईल. लायनर म्हणजे रेघा ओढायच्या सुयांचा जुडगा. पहिल्यांदा तीन सुयांच्या लायनरच्या मागे लागू नका, सात-नऊ सुयांच्या गोल जुडग्याच्या राउंड लायनरने लांब रेघा एका दमात ओढा.
आणि हेपटायटिस बीची लस आत्ताच सुरू करा, तीन डोस असतात आणि पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, तोवर रेघा सुधारतीलच.

रंगपेटी:
अगं काळ्या मेंदीला अजिबात हात लावू नकोस!! खऱ्या मेंदीचा रंग कधीच काळा नसतो, आधी केशरी येतो आणि मग एक-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. लगेच काळा चढतो म्हणजे त्यात पीपीडी असणार, केसांच्या डायमधलं केमिकल. युरोपात केसांच्या डायमध्येसुद्धा त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे आणि कातडीवर वापरायला परवानगीच नाही. अ‍ॅलर्जी झाली तर डिझाइनच्या आकारातच फोड येतात, कधी कधी बऱ्याच दिवसांनी, आणि एकदा ती अ‍ॅलर्जी बसली की जन्मभर राहते, पुढे केस रंगवायचीही चोरी.
टेम्पररी करायचंच असेल तर जाग्वा बघ. दक्षिण अमेरिकेतल्या जेनिपा नावाच्या झाडाच्या कच्च्या फळाचा रस असतो, दिवसभरात निळसर काळा होतो आणि आठवडा-दोन आठवडे टिकतो, म्हणजे खऱ्या टॅटूच्या बराच जवळ दिसतो. काहींना त्याचीही अ‍ॅलर्जी होते, म्हणून आधी छोटासा ठिपका लावून एक-दोन दिवस थांबायचं. सुई चालवायला त्याने शिकणार नाहीस, पण डिझाइन अंगावर कसं बसतं ते कळेल. हात वळवून ठेवलेला असताना काढलेलं वर्तुळ हात सरळ केल्यावर लंबगोल होतं, हे कागदावर कधीच समजत नाही. माणूस उभा राहील, हात सैल सोडेल, तेव्हाच स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा छाप, लावायचं.

ठिपक्यांची_रांगोळी:
वरच्या दोघांना +१. कॉइल की रोटरी, म्हणजे कुठल्या प्रकारचं मशीन घ्यायचं, या वादात आत्ता पडू नका. १८९१ साली ओरायली नावाच्या टॅटू आर्टिस्टने पेटंट घेतलेलं टॅटूचं पहिलं इलेक्ट्रिक मशीन एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनवरूनच बनवलं होतं, आज दोन्ही प्रकारांवर उत्तम काम होतं. फक्त कार्ट्रिज (मशीनला लावायचे सुयांचे तयार भाग) घ्याल ती आत मेम्ब्रेनवाली, म्हणजे पातळ पडदा असलेली घ्या, नाहीतर शाई आणि रक्त उलटं मशीनमध्ये जातं.

पेन्सिलवेडी:
दादा, ताई, सगळ्यांचे खूप आभार. काळी मेंदी कॅन्सल, भाऊ जरा खट्टू झालाय पण ऐकेल. एक शेवटचं, शिकवणारा माणूस चांगला आहे हे ओळखायचं कसं?

रेघ_सरळ:
ताजे फोटो बघू नका, ताजं काम सगळ्यांचंच काळंभोर दिसतं. एक-दोन वर्षं झालेल्या, भरलेल्या टॅटूंचे फोटो मागा. मग तासभर नुसतं बसून काम बघा. मशीनला, वायरला प्लास्टिक गुंडाळलंय का, शाई ओतायच्या छोट्या टोप्या प्रत्येकाला नव्या काढतो का, वापरलेल्या सुया वेगळ्या कडक डब्यात टाकतो का. मधेच फोन वाजला आणि त्याच ग्लोव्ह्जने उचलून परत कामाला लागला तर तिथून उठा. पहिले काही महिने साफसफाईच करायला लावेल, त्याने नाराज होऊ नका, तेच शिक्षण आहे. आणि भेटायला जाताना चित्रांची वही न्या, घरी कुणाच्या तरी अंगावर केलेल्या प्रयोगांचे फोटो नकोत, बरेच जण ते बघूनच नाही म्हणतात.