मदत हवी आहे: मित्रांनी मिळून एक पिंप बोजोले वाईन करायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही चार मित्र नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ल्योंला असतो, दोघे मराठी आणि दोघे इथलेच. मैत्री जमली ती आवडीवरून. ओकच्या वासाची जड लाल वाईन चौघांनाही नको असते आणि गामे द्राक्षाच्या हलक्या, ताज्या वाईनवर चौघांचाही जीव. उत्तरेला बोजोले भागातल्या फ्लरी गावातला एक बागायतदार यंदा द्राक्षं विकत द्यायला आणि तळघरात एका पिंपाची जागा द्यायला तयार झालाय. पिंप २२८ लिटरचं, म्हणजे साधारण ३०० बाटल्या. तोडणी सप्टेंबरात.

आता अडतंय कुठे ते सांगतो.

बागायतदार म्हणतो घड अख्खेच टाका, त्या भागाची तीच रीत. बंद टाकीत कार्बन डायऑक्साइड साठला की मणी आतूनच आंबायला लागतो, तुरटपणा कमी उतरतो आणि स्ट्रॉबेरीसारखा वास येतो. आम्हाला हवं ते हेच. पण इतक्या थोड्या मालात हे साधतं का?

खरा वाद सल्फाइटवरून, म्हणजे वाईन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकयुक्त पदार्थावरून आहे. दोघांचं म्हणणं, थेंबभरही नको. मला मात्र निफाडच्या मामांना बाटली न्यायची आहे. त्यांनी जन्मभर थॉमसन जातीची खायची द्राक्षं पिकवली, भाच्याने केलेली वाईन त्यांनी चाखावी असं फार वाटतं. नाशिकच्या मे महिन्यात ती टिकेल का?

शिवाय, लेबलवर 'फ्लरी' लिहिता येईल का?

प्रतिसाद

धागा आवडला. मी बरगंडीत एका तळघरात काम करतो, म्हणून लिहितो.

अख्खे घड थोड्या मालातही चालतात. तळाचे थोडे तुडवा, त्यांचा रस आंबू लागला की वायू तयार होतो. वर झाकण घट्ट हवं. मात्र द्राक्षं ३०० किलोवर थांबवू नका, ३५० घ्या. लाकडातून वाईन उडत राहते, पिंप सतत काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर वर हवा शिरून आंबट होते. त्यासाठी जास्तीची वाईन काचेच्या बुधल्यात भरून ठेवा. आणि पिंप जुनंच मागा. नव्या लाकडापुढे गामे टिकत नाही.

सल्फाइटबाबत मी तुमच्या बाजूने. आंबवताना घालू नका, पण बाटल्या भरताना लिटरला २०-३० मिलिग्रॅम घाला. त्याआधी द्राक्षातल्या मॅलिक आम्लाचं जिवाणूंमुळे सौम्य लॅक्टिक आम्ल झालंय का ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. ते अर्धवट राहिलं तर उन्हाळ्यात बाटलीतच गॅस धरतो. मित्रांना हेही सांगा की यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं.

'फ्लरी' हे नाव त्या आप्पेलासियोंच्या (कायद्याने राखलेल्या प्रदेश-नावाच्या) नियमांत बसवून रीतसर जाहीर केलेल्या वाईनलाच लावता येतं. नाहीतर 'व्हँ द फ्रांस', म्हणजे नुसती 'फ्रान्सची वाईन'. त्यावर द्राक्षाची जात आणि वर्ष चालतं, गाव नाही. वाईनच्या नोंदी तिथे कस्टम खात्याकडे असतात, तेव्हा पिंप कोणाच्या नावावर धरायचं ते बागायतदाराशी तोडणीआधीच ठरवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. शनिवारी फ्लरीला जातोय, पिंपाचं आणि नोंदीचं तेव्हाच बोलून घेतो. २० मिलिग्रॅमवर मित्र राजी होतील असं वाटतंय. बुधले कोणत्या मापाचे घेऊ?