किंडरगार्टनमधली बाग इंग्रजीने घालवली का?

सदाफुली: जर्मनीतल्या थुरिंगियामधल्या बाड ब्लांकेनबुर्ग गावी शिक्षणतज्ज्ञ फ्रीडरिश फ्रोबेलने १८३७ साली लहानग्यांसाठी खेळ-उद्योगांची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला नाव दिलं किंडरगार्टन. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. आज अमेरिकेत किंडरगार्टन म्हणजे पहिलीच्या आधीचं एक वर्ष, पाच वर्षांच्या पोरांना वाचन आणि बेरजा. जर्मनीत तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे मुख्यतः खेळतात. इंग्रजीने शब्द उचलला, बाग टाकून दिली. ही सरळ चोरी आहे.

तिरकस: असहमत. बाग हे रूपक होतं: मूल रोप, शिक्षक माळी. रूपकं वापरून वापरून झिजतातच. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश प्रशासक लॉर्ड मिल्नरच्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांच्या टोळक्यालाही इंग्रजीत 'किंडरगार्टन' म्हणत. तिथे कोण लगोरी खेळत होतं?

सदाफुली: नुसतं रूपक नाही हो! फ्रोबेलच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा होता, शिवाय सगळ्यांचे सामायिक वाफे वेगळे. तरुणपणी त्याने वनरक्षकाकडे उमेदवारी केली होती. मातीतलं कळत होतं त्याला.

धोपटमार्गी: चोरी कसली? जर्मनांनीच शब्द अमेरिकेत नेला. प्रशिया या जर्मन राज्याने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली (फ्रोबेलचा पुतण्या कार्लच्या समाजवादी विचारांचा राग काकावर निघाला!), ती १८६० ला उठली. फ्रोबेल १८५२ मध्येच गेला. दरम्यान जर्मनीतली १८४८ ची क्रांती फसल्यावर देश सोडलेल्यांपैकी शुर्त्स कुटुंब अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनला पोचलं. मार्गारेट शुर्त्सने १८५६ मध्ये वॉटरटाउनला किंडरगार्टन काढलं, तेही जर्मन भाषेत. इंग्रजीतलं एलिझाबेथ पीबडीचं, बोस्टनला, १८६० मध्ये. पहिल्या महायुद्धात जर्मनांवरच्या रागाने सॉअरक्राउटला (आंबवलेल्या कोबीला) 'लिबर्टी कॅबेज' म्हणणाऱ्या अमेरिकेने हा शब्द मात्र सोडला नाही. म्हणजे तोवर तो त्यांचाच झाला होता.

तिरकस: +१

सदाफुली: शब्द टिकला, मान्य. पण १८७३ मध्ये सेंट लुइसच्या सरकारी शाळेत सुझन ब्लोने वर्ग सुरू केला, तेव्हा फ्रोबेलने मुलांसाठी ठरवलेले चेंडू आणि ठोकळे सोबत होते. ते गेले, वर्कशीट आल्या. मग नावही बदलायचं होतं.

तिरकस: आणि आपलं ज्युनियर केजी, सिनियर केजी? तिथे बाग आणि मुलं मिळून दोन अक्षरांत उरकली आहेत. त्यावर काढा की धागा.

धोपटमार्गी: काढा, पण फीचा विषय आणू नका. पाचशे प्रतिसाद पडतील आणि फ्रोबेल राहील बाजूला.