रे: रे: फ्लूची लस, शनिवारची तारीख हलवू नका

वैशाली (मांजलपूर, वडोदरा):
शनिवारी आपल्या हॉलमध्ये फ्लूची लस द्यायचं ठरलंय, ती तारीख गणपतीनंतर न्यायची चर्चा परत कोणी सुरू केली? डॉक्टरताईंनी वेळ दिलाय, लशी मागवल्यात. लेझीमच्या मुलींचे हात दुखतील म्हणून पुढे ढकलायचं हे मला मुळीच पटत नाही. लस घेतल्यावर तिचा असर यायला 2 आठवडे लागतात, म्हणजे आत्ता घेतली तर स्थापनेपर्यंत उपयोग, नंतर घेतली तर आरतीच्या गर्दीत म्हातारी माणसं, पोरं सगळी तशीच उभी. 2015 ला गुजरातेत स्वाइन फ्लूने काय केलं ते आपण बघितलंय.

मिलिंद:
वहिनी, हात दुखणं हाच मुद्दा आहे ना पण. मागच्या वर्षी माझ्या लेकीचा हात दुसऱ्या दिवशी वर होईना, रात्री कणकण, सराव बुडाला आणि पुढच्या ओळीतली जागा गेली, किती रडली ती. आणि ताप येतो म्हणजे थोडासा फ्लूच झाला ना तो? मागच्या वर्षी घेतलीय तर परत कशाला? रविवारी सकाळी सराव आहे, तो लेझीम ग्रुप ठरवतो, आरोग्य समितीने त्यात पडू नये.

शैलाताई (दांडिया बाजार):
मिलिंद, फ्लू नाही रे तो. आपण सुईने घेतो त्या लशीत जिवंत व्हायरस नसतोच, शरीर तयारीला लागतं त्याची ती कणकण. आणि व्हायरस बदलत राहतो म्हणून डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीत काय घालायचं ते नव्याने सांगतं, मागच्या वर्षीची पुरत नाही. दंड दुखला तर चोळू नका, गार ओल्या फडक्याची घडी ठेवा आणि हात हळूहळू हलवत राहा, आखडून धरला की जास्त दुखतो. एक-दोन दिवसांत उतरतं. ताप आला तर पॅरासिटामॉल, मुलांना वजनाच्या हिशेबाने, पण लशीआधीच पाजून आणू नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही. श्वास लागला, तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या तर लगेच दवाखाना, आणि ताप तीन दिवसांपुढे गेला तरी दाखवायचंच.
अजून एक, 9 वर्षांखालची मुलं पहिल्यांदा घेत असतील तर 2 डोस लागतात, मध्ये 4 आठवडे. दुसरा गणपतीनंतरच येतो, म्हणून पहिला तरी आत्ता घ्या!

नानाकाका:
हॉलची किल्ली माझ्याकडे आहे, मला कोणी विचारलेलं नाही. लशी 2 ते 8 डिग्रीत ठेवायच्या असतात, हॉलच्या फ्रिजमध्ये दूध-श्रीखंडाची गर्दी असते आणि त्यात कोणीतरी बर्फाच्या कप्प्यात टाकेल, गोठली की लस फुकट. डॉक्टरताईंनी आपला आइसबॉक्स आणावा. लस झाल्यावर अर्धा तास बसवायचंय तर सेव-उसळ ठेवा, पोरं आपोआप बसतात. मी रक्त पातळ करायची गोळी घेतो, मला चालेल का?

शैलाताई:
नानाकाका, चालते, फक्त आधी सांगा, बारीक सुई घेतात आणि नंतर दोन मिनिटं कापूस दाबून धरायचा. गोळी बंद करू नका.

अनघा:
सेव-उसळ तिखट असते, लहान मुलांसाठी पोहे पण ठेवा. रिकाम्या पोटी कोणी येऊ नका, मागे एक मुलगा सुई बघूनच चक्कर येऊन पडला होता.

वैशाली:
नानाकाका, किल्लीसाठी फोन करतेच. मिलिंद, सरावच शनिवारी सकाळी घेता का? संध्याकाळी लस, रविवार आराम, सोमवारपर्यंत हात मोकळे. कोणाची जागा जाणार नाही एवढं ग्रुपने आत्ताच लिहून द्यावं, मुलींना तीच काळजी आहे.

मिलिंद:
जागा जाणार नाही, हे मी लिहून देतो. पण शनिवारी मोठ्या मुलींची शाळा साडेबाराला सुटते, सराव 2 वाजता ठेवला तर लस 5 च्या आधी नको. आणि सगळ्यांना डाव्या दंडातच द्या.

नानाकाका:
2 वाजता हॉल भजनी मंडळाकडे आहे.